एन्झाइम कमी पडलं, की एन्झाइमच बाधलं? सीईएल जीनची गोष्ट



पीएचडीच्या इंटरव्ह्यूत जेनेटिक्सचा एक प्रश्न फिरून फिरून येतो: "एका एन्झाइमच्या जीनमध्ये म्युटेशन आहे आणि पेशंटला आजार आहे. आजार का झाला असेल?" दहापैकी आठ जण पटकन सांगतात, "सर, एन्झाइम तयार होत नाही म्हणून." समोरून लगेच पुढचा प्रश्न येतो: "कशावरून?" इथे खरी परीक्षा सुरू होते.

आज या "कशावरून?"चं उत्तर एका खऱ्या उदाहरणातून बघू. उदाहरण आहे स्वादुपिंडात तयार होणाऱ्या, फॅट पचवणाऱ्या एका एन्झाइमचं. पूर्ण नाव कार्बॉक्सिल एस्टर लायपेज, आणि त्याचा जीन सीईएल. या जीनमधलं एक अक्षर गळालं की माणसाला पचनाचा त्रास होतो आणि पुढे मधुमेहही होतो. का होतो, हे शोधायला बरीच वर्षं लागली. तो शोध कसा झाला, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी एन्झाइमची ओळख

आपल्या जेवणातलं तेल-तूप म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. ते तोडण्याचं सर्वांत मोठं काम पँक्रिअ‍ॅटिक लायपेज नावाचं दुसरं एन्झाइम करतं. त्याचा जीन पीएनएलआयपी, दहाव्या क्रोमोसोमवर. सीईएल हा या कामातला जोडीदार. तो नवव्या क्रोमोसोमच्या टोकाजवळ, ९क्यू३४ या भागात आहे. स्वादुपिंडाच्या रसातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण ४ टक्के प्रोटीन हे सीईएल असतं. कोलेस्टेरॉलचे एस्टर, फॅटमध्ये विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचे एस्टर, ट्रायग्लिसराइड असं बरंच काही ते तोडतं. मात्र त्यासाठी त्याला पित्तातले क्षार लागतात.

हेच एन्झाइम आईच्या दुधातही असतं. नवजात बाळाच्या स्वादुपिंडात मुख्य लायपेज अजून पुरेसं तयार होत नसतं, तेव्हा दुधातून आलेलं हे एन्झाइम फॅट पचवायला मदत करतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली ह्यूमन मिल्क बँक सुरू झाली, तिच्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. अशा बँकांमध्ये दूध सुरक्षित करण्यासाठी ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्या उष्णतेत हे एन्झाइम निकामी होतं. म्हणजे एकच जीन, पण काम दोन ठिकाणी: स्वादुपिंडाच्या अ‍ॅसिनर पेशींत आणि दूध देणाऱ्या स्तनग्रंथींत. अ‍ॅसिनर पेशी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिटरेचर शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. या एन्झाइमला वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळी नावं दिली आहेत: बाइल सॉल्ट-स्टिम्युलेटेड लायपेज, बाइल सॉल्ट-डिपेंडंट लायपेज, कोलेस्टेरॉल एस्टरेज. दुधावर काम करणारे एक नाव वापरतात, कोलेस्टेरॉलवाले दुसरं. एकाच नावानं शोधलंत तर अर्धे पेपर हातातून निसटतील.

शेपटीची भानगड

सीईएल जीनमध्ये ११ एक्सॉन आहेत. फॅट तोडणारा मुख्य गाभा आधीच्या भागात तयार होतो. शेवटच्या, म्हणजे अकराव्या एक्सॉनमध्ये मात्र एक विचित्र पट्टा आहे: ३३ अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा, एकामागे एक. बहुतेक लोकांत तो १६ वेळा येतो, पण काहींत कमी, काहींत जास्त. अशा पट्ट्याला व्हीएनटीआर म्हणतात. यातून एन्झाइमची एक लांब शेपटी बनते. तिच्यावर शर्करेच्या साखळ्या लागतात. ही शेपटी कापून टाकली तरी गाभा फॅट तोडू शकतो. ती पेशीबाहेर पडण्यासाठी आणि टिकण्यासाठी उपयोगी पडत असावी, असं मानलं जातं.

आता प्रश्न असा की तुकड्यांची संख्या माणसागणिक वेगळी असूनही बहुतेकांना काहीच का होत नाही?

उत्तर ३३ या आकड्यात आहे. ३३ ला ३ नं भाग जातो, आणि कोडॉन तीन अक्षरांचा असतो. एक तुकडा म्हणजे नेमके ११ अमिनो आम्ल. एखादा तुकडा पूर्ण गेला किंवा वाढला तरी पुढचं वाचन बिघडत नाही. मराठीत करून बघा. तीन-तीन अक्षरांचे शब्द घेऊ:

कमल बदक मगर गवत शहर

यातला "मगर" हा अख्खा शब्द काढला तर उरतं: कमल बदक गवत शहर. वाक्य लहान झालं, पण प्रत्येक शब्द शाबूत आहे. आता फक्त "बदक"मधला "द" काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा:

कमल बकम गरग वतश हर

एकच अक्षर गेलं आणि त्यापुढचं सगळं वाचन वेगळं झालं. हाच फ्रेमशिफ्ट.

नॉर्वेतली दोन कुटुंबं

२००६ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी नेचर जेनेटिक्समध्ये दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या मधुमेह होता आणि सोबत स्वादुपिंडाच्या पाचक रसाची कमतरताही. पचनाचा दोष लहान वयातच तपासणीत दिसायचा, मधुमेह नंतर यायचा. आजार प्रभावी पद्धतीनं उतरत होता, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोषयुक्त प्रत मिळाली तरी पुरे. कुटुंबातल्या लोकांच्या डीएनएची तुलना करत शोध ९क्यू३४ पर्यंत पोचला आणि तिथे सीईएल सापडला. एका कुटुंबात शेपटीच्या पहिल्या तुकड्यातलं एक अक्षर गळालेलं होतं, दुसऱ्यात चौथ्या तुकड्यातलं. दोन्हीकडे वाचन एका घरानं सरकलं, त्यामुळे पुढची शेपटी दोन्हीकडे सारखीच बिघडली. नेहमीच्या शेपटीऐवजी एक आखूड, वेगळ्याच अमिनो आम्लांची, वेगळ्या विद्युतभाराची शेपटी.

या आजाराला मोडी-८ म्हणतात. मोडी लिपीशी याचा संबंध नाही. तरुण वयात होणाऱ्या, एकाच जीनमुळे येणाऱ्या मधुमेहाच्या गटाचं हे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव आहे.

इथे एक कोडं उभं राहतं. मधुमेह इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींशी जोडलेला आहे. सीईएल तर अ‍ॅसिनर पेशींत बनतं. म्हणजे बिघाड एका खोलीत आणि दिवा गेला शेजारच्या खोलीतला. हे कसं?

तीन शक्यता

पेपर वाचताना इथेच थांबायचं आणि कागदावर शक्यता मांडायच्या. एक प्रत बिघडली तरी आजार होत असेल तर साधारण तीन कारणं असू शकतात.

पहिली: एका चांगल्या प्रतीतून निम्मंच एन्झाइम मिळतं आणि ते पुरत नाही.

दुसरी: बिघडलेलं प्रोटीन चांगल्या प्रोटीनच्या कामात अडथळा आणतं.

तिसरी: एन्झाइम किती उरलं याच्याशी संबंधच नाही. बिघडलेलं प्रोटीन स्वतःच पेशीला अपाय करतं.

या तिन्हींत फरक का करायचा? कारण पेशंटचा उपचार त्यावर ठरतो. पहिली शक्यता खरी असेल तर बाहेरून एन्झाइम देऊन काम भागायला हवं. तिसरी खरी असेल तर कॅप्सूल पचनाला मदत करतील, पण पेशीच्या आत जे साचतंय त्याला त्या हात लावू शकणार नाहीत. तिथे बिघडलेल्या प्रतीचं उत्पादनच थांबवावं लागेल. एकाच म्युटेशनसाठी संशोधनाच्या दोन पूर्ण वेगळ्या दिशा.

तुलनेसाठी पीएनएलआयपी घ्या. २०१४ मध्ये दोन भावांचं उदाहरण प्रसिद्ध झालं. त्यांच्या पीएनएलआयपीच्या दोन्ही प्रतींत २२१ व्या जागी थ्रिओनीनऐवजी मेथिओनीन आलं होतं. त्यांची मुख्य तक्रार एकच: फॅट पचत नाही. वारसा अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच आजार. एन्झाइम नसल्यावर चित्र कसं दिसतं, याचा हा चांगला नमुना. सीईएलच्या कुटुंबांचं चित्र याच्याशी जुळत नाही. पण "जुळत नाही" हा इशारा झाला, पुरावा अजून हवा.

पुरावा कसा उभा राहिला

पायरी एक: बिघडलेलं प्रोटीन तयार तरी होतं का?

फ्रेमशिफ्ट म्हटलं की लवकर येणारा स्टॉप कोडॉन आला. असा आरएनए पेशी सहसा ओळखते आणि नष्ट करते. या यंत्रणेला नॉनसेन्स-मीडिएटेड डिके म्हणतात. मग प्रोटीन बनणारच नाही, आणि पहिली शक्यता बळकट होईल. पण नियम नीट आठवा: चुकीचा स्टॉप शेवटच्या एक्सॉन-जोडाच्या साधारण ५० ते ५५ अक्षरं आधी असेल तर ही यंत्रणा चालते. सीईएलची शेपटी शेवटच्याच एक्सॉनमध्ये आहे. तिच्या पुढे एक्सॉन-जोडच नाही. त्यामुळे आरएनए या तपासणीतून सुटतो आणि प्रोटीन बनतं. म्युटेशन कोणतं आहे याइतकंच ते जीनमध्ये कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं, ते असं.

पायरी दोन: तयार झालेल्या प्रोटीनचं काय होतं?

एचईके २९३ पेशींमध्ये नेहमीचं आणि बिघडलेलं असं दोन्ही प्रकारचं प्रोटीन बनवून तुलना केली गेली. बिघडलेलं प्रोटीन पेशीबाहेर कमी पडतं, आणि त्याचे न विरघळणारे गठ्ठे होतात. २०११ मध्ये याच निरीक्षणांवरून या आजाराला प्रोटीनच्या चुकीच्या घडीचा आजार म्हटलं गेलं. पण इथेही सावध राहा. प्रयोगशाळेतल्या पेशींत जीन जबरदस्तीनं, भरमसाट चालवला जातो. गठ्ठे त्यामुळेही होऊ शकतात. म्हणून नेहमीचं प्रोटीनही तेवढ्याच प्रमाणात बनवून शेजारी ठेवायचं. ते कंट्रोल नसेल तर निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

पायरी तीन: जीन पूर्ण काढून टाकला तर?

हा सगळ्यांत सरळ प्रयोग. एन्झाइम नसणं हेच कारण असेल तर सीईएल नसलेल्या उंदराला आजार व्हायला हवा. २०१० मध्ये नॉकआउट उंदरांच्या स्वादुपिंडाचा अभ्यास आला. त्यांना माणसासारखा आजार झालेला नव्हता. म्हणजे एन्झाइम अजिबात नसेल तर एवढं बिघडत नाही, पण बिघडलेलं असेल तर बिघडतं. तिसऱ्या शक्यतेच्या बाजूनं पारडं इथे झुकलं.

उंदरानं दिलेला चकवा

आता पुढचा प्रयोग तुम्हीच सुचवाल: माणसातला बिघडलेला सीईएल उंदराच्या स्वादुपिंडात घाला आणि आजार होतो का बघा. तेही केलं गेलं. २०१३ मध्ये निकाल आला आणि पेपरच्या शीर्षकातच तो होता: ट्रान्सजेनिक उंदरांत मधुमेह नाही आणि पचनाचा दोषही नाही.

मग विषारी प्रोटीनची कल्पना चुकीची ठरली का? जर्नल क्लबमध्ये यावर तासभर वाद घालता येईल. नकारात्मक निकाल वाचताना तीन गोष्टी विचारायच्या. उंदराच्या पेशींत बिघडलेलं प्रोटीन पुरेसं बनलं होतं का? माणसात आजार उभा राहायला अनेक वर्षं लागतात, उंदराचं आयुष्य त्याला पुरेल का? आणि उंदीर या बाबतीत माणसासारखा आहे का? माणसाच्या सीईएलमध्ये बहुधा १६ तुकडे, तर उंदराच्या सीईएलमध्ये फक्त ३. अशा प्राण्यात माणसाच्या शेपटीचा आजार उतरवणं सोपं नाही. "आजार दिसला नाही" आणि "कारण चुकीचं होतं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. थिसिसमध्ये नकारात्मक निकाल लिहिताना हा फरक जपावा लागतो.

नंतरच्या कामानं कोड्याचा दुसरा भागही उलगडत आणला. पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं की बाहेर पडलेलं बिघडलेलं सीईएल शेजारच्या पेशी आत ओढून घेतात. २०२२ मध्ये नेचर मेटाबॉलिझममध्ये आलेल्या कामात अ‍ॅसिनर पेशींकडून आलेलं हे प्रोटीन बीटा पेशींत जाऊन साचतं आणि त्यांचं काम बिघडवतं, असं मांडलं गेलं. शेजारच्या खोलीतला दिवा कसा गेला, याचं हे सध्याचं सर्वांत पटण्यासारखं उत्तर. शेजारच्या पेशींमध्ये काय देवाणघेवाण चालते, हा संशोधनासाठी अजूनही मोकळा विषय आहे.

जुळ्या भावाचा त्रास

सीईएलच्या शेजारीच त्याच्यासारखा दिसणारा, पण कामाचं एन्झाइम न देणारा एक स्यूडोजीन आहे: सीईएलपी. त्याचे मधले काही एक्सॉन गायब आहेत. दोघांची अक्षरं इतकी सारखी की कधीकधी पेशी विभाजनाच्या वेळी अदलाबदल होते आणि पुढचा भाग सीईएलचा, शेपटीचा भाग सीईएलपीचा, असा जोडजीन तयार होतो. २०१५ मध्ये अशा सीईएल-हायब्रिडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय लोकांत हा असलेल्या व्यक्तीला दीर्घकालीन पँक्रिअ‍ॅटायटिसचा धोका साधारण पाचपट दिसला. इथेही प्रोटीन नीट बाहेर पडत नाही, पेशीतच अडकतं. पुढे २०२२ मध्ये हाच हायब्रिड उंदरांत बसवल्यावर त्यांना पँक्रिअ‍ॅटायटिस झाला. म्हणजे योग्य मॉडेल मिळाल्यावर उंदरानंही साक्ष दिली.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. २०१६ मध्ये चीन, जपान आणि भारतातल्या रुग्णांत हा हायब्रिड शोधला गेला, आणि त्याचा आजाराशी संबंध सापडला नाही. भारतात दीर्घकालीन पँक्रिअ‍ॅटायटिस दुर्मीळ नाही. पण आपल्याकडे दुसऱ्याच जीनचं वजन जास्त दिसतं. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २००२ मध्येच ट्रॉपिकल कॅल्सिफिक पँक्रिअ‍ॅटायटिसचा संबंध स्पिंक-१ या जीनशी दाखवला होता. धडा सरळ आहे: युरोपातल्या पेशंटवरून बनवलेली जीनची यादी जशीच्या तशी उचलून आपल्या पेशंटवर चालवली, की "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट येतो आणि कुटुंब उत्तराविना घरी जातं.

सिक्वेन्सिंग करणाऱ्यांसाठी इशारा

एक्सोम सिक्वेन्सिंगमध्ये डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचतात आणि मग ते जीनोमवर जुळवतात. सीईएलच्या शेपटीत जवळजवळ सारखे १६ तुकडे. वाचलेला तुकडा पहिल्या जागेचा की नवव्या, सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. त्यात जी आणि सी अक्षरांची गर्दी, आणि शेजारी सीईएलपी. या भागातलं एक गळालेलं अक्षर नेहमीच्या पाइपलाइनमध्ये सहज सुटू शकतं. म्हणून इथे फक्त सीईएलचीच प्रत वाढवणारे प्रायमर, लांब पीसीआर, तुकड्यांची लांबी मोजणं किंवा लांब वाचन करणारं सिक्वेन्सिंग लागतं. "एक्सोम निगेटिव्ह" याचा अर्थ "जे वाचता आलं त्यात काही नाही" एवढाच घ्यायचा.

पुढचा पेपर हातात आला की

जीन आणि आजार यांवरचा कुठलाही पेपर वाचताना हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. वारसा प्रभावी की अप्रभावी? एक प्रत पुरते की दोन्ही लागतात?

२. म्युटेशन जीनच्या कुठल्या भागात आहे? आरएनए टिकेल की नष्ट होईल?

३. प्रोटीन बनलं तर ते कुठे जातं: बाहेर पडतं, अडकतं की गठ्ठे करतं?

४. जीन पूर्ण काढल्यावर तोच आजार होतो का?

५. मॉडेलनं नकार दिला तर दोष कल्पनेचा की मॉडेलचा?

इंटरव्ह्यूत "कशावरून?" असा प्रश्न आला, तर यातला एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर देणारा प्रयोग सांगा. समोरच्यांना तुमच्याकडून पाठ केलेलं उत्तर नको असतं. दोन शक्यतांमध्ये निवड करणारा प्रयोग तुम्हाला सुचतो का, हे त्यांना बघायचं असतं. सरावासाठी एक प्रश्न देते: बिघडलेल्या सीईएलचा फक्त आरएनए गप्प करता आला, चांगला तसाच ठेवून, तर बीटा पेशी वाचतील का? हे तपासायला कुठल्या पेशी घ्याल आणि कंट्रोल काय ठेवाल? उत्तर लिहून बघा आणि एखाद्या मित्राला ते खोडून काढायला सांगा.